बऱ्हाणपूरची हुंडणावळ

सतराव्या शतकात आग्र्याहून सुरतेला जायला दोन वाटा होत्या. एक अहमदाबादेवरून, दुसरी सिरोंज आणि बऱ्हाणपुरावरून. बऱ्हाणपूरची वाट सुपीक मुलखातून जाई, पण वाटेत नद्या फार आणि बहुतेक नद्यांवर पूल नाही की नाव नाही. पावसाळा सरल्यावरही सुमारे दोन महिने या वाटेने गाडे नेता येत नसत. सुरतेची जहाजे मात्र हंगामाला बांधलेली. ज्याला जहाज गाठायचे तो व्यापारी नद्या उतरण्याची वाट पाहू शकत नसे. तो अहमदाबादेकडची वाट धरी आणि तिथे मधले राजे आपापल्या हद्दीतून माल न्यावा, जकात भरावी म्हणून अडवीत. अडवणूक वाढली की आग्र्याचा सराफ सुरतेवरच्या हुंडीला, म्हणजे सुरतेत पैसे फेडण्याच्या चिठ्ठीला, शेकडा एक-दोन रुपये जास्त मागे.

झां बातिस्त ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने हे लिहून ठेवले आहे. १६४० ते १६६७ या काळात तो अनेकदा हिंदुस्थानात आला आणि बऱ्हाणपुरातूनही गेला. शहर त्याला मोडकळीला आलेले, बरीच घरे गवताने शाकारलेली अशी दिसले; पण तिथला व्यापार पाहून तो थक्क झाला. इथले पांढरे तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, मॉस्को आणि पोलंडपर्यंत जाते, असे तो नोंदवतो. आणि जवाहिरा असल्यामुळे, इतर प्रवासी ज्याकडे पाहत नाहीत ती गोष्ट त्याने टिपली : कुठल्या गावाहून सुरतेवर पैसे उचलले तर किती हुंडणावळ, म्हणजे हुंडीवरची आकारणी, पडते. लाहोरला सव्वासहा टक्के, आग्र्याला सव्वाचार ते पाच, सिरोंजला तीन, बऱ्हाणपूरला अडीच ते तीन, अहमदाबादेला एक ते दीड. पाटण्याला सात-आठ आणि ढाक्याला थेट दहा.

ही हुंडी दोन महिन्यांच्या मुदतीची. व्यापारी बऱ्हाणपुरात रोख घ्यायचा, माल खरेदी करून सुरतेकडे निघायचा आणि तिथे माल विकून मुद्दल व हुंडणावळ फेडायचा. ताव्हर्निये सांगतो की हा दर परदेशी माणसाला चढा वाटेल, पण वाटेत माल लुटला गेला तर पैसे देणाऱ्याचे पैसेही बुडत. म्हणजे त्या अडीच-तीन टक्क्यांत दोन गोष्टी एकत्र होत्या : साठ दिवसांचे व्याज आणि तीनशे-साडेतीनशे किलोमीटर वाटेची जोखीम. त्यावरून हिशेब केला तर बऱ्हाणपूरचा दर वर्षाला पंधरा ते अठरा टक्क्यांवर जातो.

आज व्याजदर वाढला की बातमी मुंबईहून येते. रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती बसते, रेपो दर जाहीर होतो आणि शेअर, रोखे, म्युच्युअल फंड यांचे आकडे संध्याकाळपर्यंत बदलतात. त्या काळात दर ठरवणारी समिती नव्हती. पाऊस, फौज, जकात, जहाजाचा हंगाम आणि राजाची तब्येत मिळून दर ठरवत. पण दर चढल्यावर सराफाच्या दप्तरातल्या कागदांचे जे व्हायचे, तेच आज रोख्यांचे होते. बऱ्हाणपूरचा इतिहास मला त्यासाठी वाचावासा वाटतो. आपण हे शहर मुमताजच्या मृत्यूसाठी आणि मराठ्यांच्या लुटीसाठी लक्षात ठेवले. पैशाचे शहर म्हणून ते आपल्या लेखनात फारसे आलेच नाही.

शहर वसले १४०० च्या सुमारास. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी तापीच्या उत्तर काठी ते वसवले आणि दौलताबादचे सूफी संत बुर्हानुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. उत्तरेला असीरगडचा किल्ला. हा किल्ला हाती असेल त्याच्या ताब्यात उत्तरेतून दक्षिणेत उतरणारी वाट. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि बऱ्हाणपूर मोगलांच्या दक्षिण स्वाऱ्यांचे ठाणे झाले. अब्दुर्रहीम खानखानान इथे सुभेदार होता. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून शहरात आणणारा कुंडी भंडारा त्याच काळातला, १६१५ चा. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्रजांचा वकील टॉमस रो शहाजादा परवेझला भेटायला आला. खानखानानची आणि आणखी काही मोजकी घरे सोडली तर शहर मातीच्या झोपड्यांचे आहे, असे त्याचे मत झाले; तरी वखार घालायची परवानगी त्याने इथेच मागितली आणि त्याला ती मिळाली. झोपड्यांच्या शहरात वखार कशाला, याचे उत्तर इथल्या छावणीत होते. फौज आहे तिथे रोख पैसा आहे. मनसबदाराला तलवारी, शिसे, बनात हवी आणि ती घ्यायला त्याच्याकडे रुपये नसतील तर त्याला ते द्यायला सराफ आहे.

सराफाच्या दुकानात कायकाय असे? आधी नाणी. शहरात टांकसाळ होती, पण सगळे रुपये सारख्या किमतीचे नसत. त्याच वर्षी पाडलेला सिक्का पूर्ण किमतीला चाले, चालू बादशहाच्या मागच्या वर्षांच्या रुपयावर थोडा बट्टा पडे, मागच्या बादशाहीतल्या रुपयावर जास्त. मग हुंड्या : सुरतेवरच्या, आग्र्यावरच्या, अहमदाबादेवरच्या. काही दर्शनी, म्हणजे दाखवली की पैसे द्यायचे; काही मुदती. मग विणकरांकडे गुंतलेले पैसे. कापडाचा व्यापारी विणकराला सूत आणि घरखर्चासाठी आगाऊ रक्कम देई, ठाण तयार झाले की ते त्यातून वळते होई. आणि शेवटी मनसबदारांना दिलेली कर्जे. त्यांची फेड जहागिरीच्या वसुलावर अवलंबून आणि वसूल कधी येईल हे त्या मनसबदारालाही सांगता येत नसे.

आजच्या भाषेत हाच त्याचा पोर्टफोलिओ. रोकड, अल्पमुदतीचा कागद, व्यापारातली गुंतवणूक आणि लांब मुदतीचे, बिनतारणाचे कर्ज.

आता दर चढतो तेव्हा काय होते ते आकड्यांत पाहू. आकडे सोपे घेतो. सराफाकडे हजार रुपयांची, दोन महिन्यांनी फिटणारी हुंडी आहे आणि बाजारात दरमहा शेकडा एक असा भाव आहे. दोन महिन्यांचे वीस रुपये कापून ती हुंडी आज ९८० ला विकली जाईल. दुसऱ्या दिवशी बातमी येते की घाटात फौज उतरली, आणि भाव दरमहा दोनवर जातो. आता तीच हुंडी घेणारा चाळीस कापून ९६० देईल. एका रात्रीत वीस रुपये गेले. पण सराफाने ती विकलीच नाही, दोन महिने पेटीत ठेवली, तर सुरतेचा आडत्या त्याला हजारच देणार. शिवाय ते हजार हाती आल्यावर तो नव्या, चढ्या दराने पुन्हा लावील.

आता हाच हजाराचा कागद दोन वर्षांच्या मुदतीचा धरा. एक टक्क्याने त्याची आजची किंमत ७६०, दोन टक्क्याने ५२०. दर तेवढाच चढला, पण आधीच्या कागदावर दोन टक्के नुकसान आणि या कागदावर जवळजवळ एकतृतीयांश. आणि धरून ठेवायचे म्हटले तर चोवीस महिने थांबायचे. तोवर ठेवीदार दारात आला तर ५२० लाच विकावा लागेल.

सगळे मर्म या दोन हिशेबांत आहे. व्याजदर वाढल्याने हातातला प्रत्येक जुना कागद स्वस्त होतो, पण किती स्वस्त होतो हे त्याची मुदत ठरवते. आणि ते नुकसान कागदावरच राहते की खरेच सोसावे लागते, हे धनी थांबू शकतो का यावर ठरते. सतराव्या शतकातल्या सराफाने हे सूत्र कुठे शिकले नव्हते. त्याचा हुंडीचा व्यवहारच साठ दिवसांचा होता. म्हणून हुंडीच्या व्यवहारात चढा दर त्याला बुडवत नसे, उलट दोन महिन्यांनी कमाई वाढवून देई. त्याला बुडवत असे ती मनसबदाराची उधारी.

विणकराची बाजू वेगळी. त्याच्याकडे कागदही नव्हता आणि पेटीही. भाव एकचा दोन झाला की व्यापाऱ्याला आगाऊ रकमेत गुंतलेला पैसा महाग पडे. तो कमी विणकरांना कमी रक्कम देई आणि ठाणाच्या किमतीत ते व्याज आधीच कापून घेई. दराच्या चढउताराचा शेवटचा भार मागावर येतो, हे तेव्हाही होते आणि आजच्या बऱ्हाणपुरातल्या यंत्रमागांवरही खरे आहे. गुंतवणुकीवर लिहिणारे आपण या माणसाला हिशेबात धरतच नाही, याची मला खंत वाटते.

१६३० मध्ये शाहजहान बऱ्हाणपुरात आला, खानजहान लोदीच्या बंडाचा आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा बंदोबस्त करायला. १६३२ पर्यंत दरबार इथेच होता. त्याच दोन वर्षांत गुजरात आणि दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला. १६३० चा पाऊस गेला, १६३१ ला अतिवृष्टीने उरलेसुरले पीक नेले. इंग्रज कंपनीचा पीटर मंडी १६३० च्या हिवाळ्यात सुरतेहून याच वाटेने आग्र्याला गेला. रस्त्याच्या कडेची प्रेते आणि ओस पडलेली गावे त्याच्या रोजनिशीत ओळीने येतात. बऱ्हाणपुरात बादशहाने लंगर उघडले, दर सोमवारी ५,००० रुपये वाटायचा हुकूम दिला आणि वीस सोमवारांत एक लाख वाटले, असे दरबारी बखरकार लिहितो. १७ जून १६३१ ला मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात इथे वारली. नदीपलीकडे झैनाबादेत तिचे दफन झाले आणि डिसेंबरात मृतदेह आग्र्याला नेला.

त्या दोन वर्षांत सुरत-बऱ्हाणपूर पट्ट्यातला विणकर मेला किंवा परागंदा झाला. गुजरातच्या कापडाचा व्यापार सावरायला पुढे बरीच वर्षे लागली. इथे पैशाची एक निराळी बाजू दिसते. दुष्काळात पैसा असलेल्या माणसाचे वजन वाढते. सुरतेचा विरजी व्होरा हा त्या काळातला सर्वांत मोठा सावकार. आग्रा, बऱ्हाणपूर, गोवळकोंडा अशा ठिकाणी त्याचे आडते होते. इंग्रज आणि डच दोघेही त्याच्याकडून कर्ज घेत. १६४० च्या दशकात सुरतेचे इंग्रज आपल्या वरिष्ठांना कळवत होते की शहरात रोकड उरलेली नाही आणि आहे ती या एका माणसाच्या हाती. शतकाच्या पूर्वार्धात सुरतेला दरमहा शेकडा एक हा साधारण भाव होता. उत्तरार्धात तो त्याहून बराच खाली आला. युरोपातून येणारी चांदी वाढली, वाटा तुलनेने शांत राहिल्या, सराफांची जाळी घट्ट झाली. ताव्हर्नियेने पाहिलेले बऱ्हाणपूर या स्वस्ताईच्या काळातले.

स्वस्त पैशाच्या काळात माणूस मुदत लांबवतो. थोडे जास्त व्याज मिळावे म्हणून साठ दिवसांऐवजी वर्षाचा कागद घेतो, सरदाराला मोठी रक्कम देतो, हवेली बांधतो. बऱ्हाणपूरच्या बाहेर बहादुरपुरा आणि इतर पुरे याच काळात श्रीमंत झाले. शहराच्या दरवाजांबाहेर, उघड्यावर, जवाहीर, रोकड आणि दूरदेशीचा माल भरलेली ही वस्ती होती. तिथे राहायचे तर वाट आणि वेस दोन्ही सुरक्षित राहतील, असे गृहीत धरावे लागे.

१६८१ च्या जानेवारीत संभाजी महाराजांचा रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महिना संपता संपता मराठ्यांची फौज बहादुरपुऱ्यावर येऊन आदळली. सरनौबत हंबीरराव मोहिते फौजेबरोबर होते. शहराचा मोगल अधिकारी काकरखान याच्याकडे पुरेशी शिबंदी नव्हती. त्याने दरवाजे लावून घेतले. बहादुरपुरा आणि आणखी सतरा पुरे तीन दिवस लुटले गेले. घरांच्या जमिनी खणून पुरलेले धन काढले, असे मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो. शहरातल्या उलेमांनी औरंगजेबाला लिहिले की आमची मालमत्ता आणि अब्रू सुरक्षित नसेल तर जुम्म्याचा नमाज आम्ही पढणार नाही. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात बादशहा स्वतः बऱ्हाणपुरात आला, आणि नंतर पंचवीस वर्षे दख्खन सोडून गेला नाही.

मराठी वाचक म्हणून आपण ही मोहीम पराक्रमाची म्हणून वाचतो, आणि ती तशी होतीच; मोगली सत्तेच्या तिजोरीवर केलेला तो घाव होता. पण तो घाव कुठे लागला हेही पाहावे. पेटीतली रोकड गेली, हे नुकसान एकदाचे. त्याहून मोठे नुकसान त्यानंतर आले. बऱ्हाणपूरहून सुरतेवर हुंडी घेणाऱ्याला आता अडीच टक्क्यांत कोण पैसे देणार? सुरत स्वतः १६६४ आणि १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी लुटली होती; पहिल्या लुटीत विरजी व्होराचेही मोठे नुकसान झाले. आता हुंडीची दोन्ही टोके धोक्यात. वाटेची जोखीम वाढली की हुंडणावळ चढते, हुंडणावळ चढली की तिच्यावर चालणारा व्यापार आकसतो, व्यापार आकसला की हुंडी सकारणारा आडत्याही दुसऱ्या गावी जातो.

आणि मनसबदारांची उधारी? औरंगजेबाच्या दख्खनच्या युद्धात मनसबदारांच्या जहागिरी नावापुरत्या राहिल्या, वसूल येईना, शिपायांचे पगार वर्षानुवर्षे थकले. ज्यांनी या लोकांना लांब मुदतीने पैसे दिले होते ते बुडाले. ज्यांचा पैसा साठ दिवसांच्या हुंडीत होता त्यांनी पेढी उचलून दुसरे गाव गाठले. १७०२ च्या सुमारास खुद्द बादशहाने फौजेच्या पगारासाठी छावणीतल्या सावकारांकडे बिनव्याजी कर्ज मागितले. त्यांनी ते नाकारले. हिंदुस्थानच्या सर्वांत बलाढ्य माणसाला सावकार नाही म्हणू शकले, या एका घटनेत त्या राज्याची पत किती उरली होती ते कळते.

अठराव्या शतकात बऱ्हाणपूर लहान होत गेले. निजामुल्मुल्क इथे बराच काळ राहिला, १७३१ मध्ये त्याने विटांचा कोट बांधला आणि १७४८ मध्ये इथेच वारला. त्या कोटाच्या आत मावलेले शहर सुमारे सव्वा चौरस मैलाचे होते. पूर्वीचे पुरे बाहेर ओस. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला निजामाचा पराभव झाला आणि तहात असीरगड, बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले.

पेशव्यांना ते फार महाग पैशाच्या काळात मिळाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांवर लिहिताना नानासाहेबांच्या कर्जाचा हिशेब मांडला आहे : १७४० ते १७६० या वीस वर्षांत सुमारे दीड कोटी रुपये, बारा ते अठरा टक्के व्याजाने. थोरल्या बाजीरावांपासूनचा हा पेच. फौज आधी उभी करायची, पैसा आज लागणार. चौथाई आणि खंडणी यायची ती वर्षा-दोन वर्षांनी, तीही मोहीम यशस्वी झाली तर. अल्पमुदतीचे महाग कर्ज घेऊन लांब मुदतीच्या आणि अनिश्चित उत्पन्नात गुंतवायचे. ज्याची देणी जवळची आणि येणी दूरची, त्याला चढा व्याजदर सर्वांत आधी गाठतो. मराठ्यांच्या उत्तरेतल्या राजकारणावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. या हिशेबाच्या अंगाने फार कमी, आणि माझ्या मते पानिपतच्या आधीचे निर्णय त्याशिवाय नीट उलगडत नाहीत. भाऊसाहेबांच्या फौजेला दिल्लीत पैसा का कमी पडला, याचे मूळ पुण्याच्या कर्जखात्यात आहे.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. नानासाहेब मदतीसाठी उत्तरेकडे निघाले होते. त्यांना पराभवाची पहिली पक्की बातमी सरकारी जासूदाकडून मिळाली नाही. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ सांगतो की नर्मदेच्या परिसरात पेशव्यांच्या लोकांना सावकारांचा एक कासीद भेटला. पानिपतहून नऊ दिवसांत औरंगाबाद गाठायच्या बोलीवर तो निघाला होता. त्याच्याजवळचे पत्र व्यापाऱ्यांच्या सांकेतिक भाषेत होते आणि त्यात कोण पडले, किती नुकसान झाले ते आले होते. उत्तरेकडून औरंगाबादेस जाणारा राजरस्ता बऱ्हाणपुरावरून, मग फर्दापूर-अजिंठ्याच्या घाटाने. सावकार एवढा खर्च करून नऊ दिवसांचा कासीद का पळवतात? कारण बातमी फुटली की हुंडणावळ चढणार, उत्तरेवरच्या हुंड्या कोणी घेणार नाही. ज्याला बातमी आधी कळली तो जुन्या भावाने कागद विकून मोकळा होतो. आजचा रोखे बाजार रिझर्व्ह बँकेच्या घोषणेआधी हलतो तोही याच कारणाने.

थोरल्या माधवरावांनी हे कर्ज ओळखले होते. १७७२ मध्ये थेऊरला मृत्यूच्या दारात असताना त्यांना राज्याच्या भवितव्याइतकीच चिंता सावकारांची होती; सुमारे २४ लाखांचे देणे फेडण्याची व्यवस्था त्यांनी करून ठेवली. सत्तावीस वर्षांच्या त्या माणसाला आपल्याकडे न्यायी, पराक्रमी म्हणतात. पत राखणारा राज्यकर्ता म्हणूनही त्यांचे नाव घेतले पाहिजे.

पुढची पाने भराभर उलटतात. १७७८ मध्ये बऱ्हाणपूर शिंद्यांकडे गेले, १८०३ मध्ये इंग्रजांनी घेऊन परत दिले, १८६० च्या आसपास अदलाबदलीत ते कायमचे ब्रिटिश मुलखात आले. त्याच दशकात भुसावळ-खंडवा लोहमार्ग गावाजवळून गेला आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता रेल्वे जोडली गेली. वाटेची जोखीम संपली. आता सुरतेवर किंवा मुंबईवर हुंडी घेताना लुटारूंचे आणि नद्यांचे पैसे द्यायचे नव्हते. उरले फक्त व्याज. १८८१ चा चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा आला तेव्हा देशी भाषेतल्या हुंड्यांचे स्थानिक रिवाज त्याने तसेच राहू दिले. रिवाज राहिले, पण त्या रिवाजांना पूर्वी जी किंमत मिळे ती रेल्वेने आणि तारायंत्राने काढून घेतली.

सराफांच्या हुंड्यांच्या जागी आता नवा सुरक्षित कागद आला : साडेतीन टक्क्यांची सरकारी प्रॉमिसरी नोट. परतफेडीची ठरलेली तारीख नाही, व्याज मात्र नियमित. १८८२ च्या न्यास कायद्याने विश्वस्तांना पैसा गुंतवायला जी मोजकी ठिकाणे सांगितली त्यात सरकारी कागद पहिला. देवस्थाने, शिक्षणसंस्था, विधवांची पुंजी, अज्ञान मुलांचा वारसा, सगळे त्यात. बुडण्याची भीती शून्य, म्हणून जोखीमही शून्य अशी सगळ्यांची समजूत.

पहिल्या महायुद्धापूर्वी शंभर रुपयांचा हा कागद ९६ च्या आसपास विकला जाई. युद्धासाठी सरकारला पैसा हवा झाला. १९१७ मध्ये पाच टक्क्यांचे युद्धकर्ज निघाले, मग साडेपाचचे रोखे, आणि १९२०-२१ पर्यंत सहा टक्क्यांचे. आता सरकार स्वतः नव्या माणसाला सहा देत असताना साडेतीनचा जुना कागद शंभराला कोण घेईल? साडेतीनला सहाने भागा : ५८. भाव खरोखरच साठाच्या खाली गेला. सरकार बुडाले नाही, एकही व्याजाचा हप्ता चुकला नाही आणि तरी सर्वांत सावध लोकांची दोनपंचमांश पुंजी गेली. शिवाय युद्धात धान्यकापड महागले, त्यामुळे मिळणाऱ्या साडेतीन रुपयांतही पूर्वीइतके येत नव्हते. १९३० च्या दशकात पैसा स्वस्त झाला तसा तो भाव पुन्हा चढला. पण मुलीच्या लग्नासाठी किंवा आजारपणासाठी १९२१ मध्ये ज्याला विकावा लागला त्याला त्याचा काय उपयोग?

बऱ्हाणपूरचा सराफ हा कागद हातात घेऊन आधी विचारता, फिटणार कधी? आणि कधीच नाही असे उत्तर आले असते तर साडेतीन टक्क्यांत त्याने तो घेतला नसता.

असेच पुन्हा घडले ते अगदी अलीकडे. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला. लांब मुदतीच्या रोख्यांतले फंड त्या काळात घसरले, तर चढ्या दराने नव्याने ठेव ठेवणारा सुखावला. अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँकेने ठेवीदारांचा पैसा लांब मुदतीच्या सरकारी आणि गृहकर्जांच्या रोख्यांत ठेवला होता. दर चढले, ठेवीदार पैसे मागू लागले, बँकेला रोखे तोट्यात विकावे लागले आणि मार्च २०२३ च्या पहिल्या पंधरवड्यात ती बंद झाली. तिच्याकडचे रोखे खरे होते, सरकारही खरे होते. देणी आजची आणि येणी दहा वर्षांनंतरची, एवढाच दोष होता. पेशव्यांच्या कर्जखात्याशी त्याचे नाते लपत नाही.

बऱ्हाणपूरच्या हुंडणावळीचे आकडे आपल्याला एका फ्रेंच जवाहिऱ्याच्या पुस्तकातून आणि इंग्रजांच्या वखारीच्या पत्रांतून घ्यावे लागतात. हा हिशेब मुळात इथल्या माणसांनी मांडलेला होता, रोजकीर्दीत आणि खतावणीत, मोडीत आणि महाजनी लिपीत, प्रत्येक नोंदीला मिती आणि दर घालून. बऱ्हाणपूर, रावेर, जळगाव, चोपडा, धुळे या पट्ट्यातल्या जुन्या पेढ्यांच्या आणि वाड्यांच्या माळ्यांवर अशी दप्तरे असतील तर ती रद्दीत घालू नका. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ किंवा पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ यांना ती दाखवा. वटलेली, शिक्का मारलेली एखादी हुंडी सापडली तर तिच्यावरची तारीख, मुदत आणि कापलेली रक्कम आधी उतरवून ठेवा. त्या तीन आकड्यांवरून त्या दिवसाचा पैशाचा भाव काढता येतो.